यातलं पलीकडे काय सांगू?

"बाई, ह्या टेबलाला वरचं अंग कुठलं?"

भानुदास लोखंडे दारातच थबकून विचारत होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला एकसष्ट वर्षांचा माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कोर्टाच्या कागदांची पिशवी. कोर्टात आलेल्या माणसाला समोर उंचावर कुणीतरी बसलेलं हवं असतं, आणि आमच्या मध्यस्थी केंद्रातलं टेबल तर मुद्दाम गोल करून घेतलेलं.

"वरचं नाही, खालचं नाही. कुठंही बसा," मी म्हणाले.

"मग सायब कुठं बसत्यात?"

"इथे साहेब नाहीत. मीच आहे."

कंडक्टरशिवाय गाडी सोडायला सांगावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची बायको अनुसया आधीच येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ते तिच्या समोर बसले नाहीत आणि शेजारीही बसले नाहीत. मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून बसले. एकतीस वर्षांच्या संसारानंतर दोघांची गाठ सात महिन्यांनी पडत होती आणि दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

याला आता बारा वर्षं झाली. नावं आणि गावं मी बदलली आहेत. तरीही हे सांगणं नियमात बसतं की नाही, ते मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि एकोणीस वर्षं वकिली करत होते. उलटतपासणीत माझा हात धरणारं आमच्या बारमध्ये कुणी नाही, असं लोक म्हणायचे आणि मीही खोटं कशाला बोला म्हणून ते खोडून काढत नसे. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा आणि तो त्याचाच आहे असं कोर्टाला वाटायला लावायचं, यात माझी हयात गेली. अशा बाईला मध्यस्थ करायचं इनामदार सरांच्या डोक्यात का आलं, देव जाणे. सर निवृत्त जिल्हा न्यायाधीश. त्यांनीच माझं नाव चाळीस तासांच्या प्रशिक्षणाला घातलं.

मध्यस्थ निकाल देत नाही, तिथे शिकवलं. सल्लाही देत नाही, कोण बरोबर ते ठरवत नाही. दोघांना आधी एकत्र बसवतो, मग एकेकाला वेगळं भेटतो, आणि त्यांची वाट त्यांना सापडेपर्यंत धीर धरतो.

"मग आपण करतो काय?" मी वर्गात विचारलं. सगळे हसले.

"गप्प बसतो," सर म्हणाले. "तुला अवघड जाणार आहे, माणिक."

आणखी एक नियम होता. एकट्याला भेटून त्याचं सगळं ऐकून झालं की उठण्याआधी विचारायचं, 'यातलं पलीकडे काय सांगू?' तो सांगेल तेवढंच पलीकडे न्यायचं. बाकीचं आपल्या पोटात. कोर्टालाही सांगायचं नाही, त्यांच्या वकिलांनाही नाही, घरी तर नाहीच.

घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. मी लग्न केलं नाही, म्हणजे राहून गेलं. पण संध्याकाळच्या जेवणाला आमच्याकडे कधी शांतता नसे. आमटीची वाटी पुढे सरकवत आई विचारायची, "आज काय झालं गं?" आणि मी अख्खं कोर्ट तिच्यासमोर उभं करायचे. न्यायाधीशांची जांभई, साक्षीदाराची फजिती, सगळं नकलेसकट. मध्यस्थी सुरू केली आणि ते बंद पडलं. पहिले काही दिवस आईनं विचारलं. मी म्हणायचे, "सांगता येत नाही." ती म्हणाली, "मी काय पेपरात छापायला देणार आहे?" मग तिनं विचारणं सोडलं. आम्ही टीव्ही लावून जेवायला लागलो. लोकांची एवढी गुपितं माझ्यापाशी जमत होती आणि मला बोलायला घरात एक माणूस उरलं नव्हतं. याला मी मध्यस्थाचं शिक्षण समजत होते.

मध्यस्थांच्या पॅनलवर नाव चढण्याआधी अनुभवी मध्यस्थाच्या नजरेखाली दहा प्रकरणं हाताळायची होती. लोखंड्यांचं दहावं. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. बोलायचे नाहीत.

पहिल्या एकत्र बैठकीत फारसं काही निष्पन्न झालं नाही. भानुदासांनी दावा लावला होता, बायकोनं नांदायला यावं म्हणून. तिनं वकिलामार्फत उत्तर दिलं होतं, मला वेगळं राहायचं आहे. दोघांनीही आपापला कागद तोंडपाठ म्हणून दाखवला आणि पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागले. मग मी भानुदासांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

दार लागलं तशी अनुसयाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"बाई, खरं सांगू? मला त्यांनी कधी बोट लावलं न्हाई. दारू न्हाई, भानगड न्हाई. तीस वर्षं मुक्कामी गाडीवर. सांजच्याला जायाचं, दुसऱ्या दिवशी दुपारी यायाचं, जेवायचं, झोपायचं. पोरगी मोठी झाली, लगीन हून बारामतीला गेली. मी घरात एकटी बोलायला शिकले. भांड्यांशी बोलायची, मांजराशी बोलायची. मनात म्हणायची, रिटायर होऊ दे, मग बोलू."

"आणि रिटायर झाल्यावर?"

"माणूस घरात आलं आणि माझं भांड्यांशी बोलणं बी बंद झालं. लाज वाटायची की त्यांच्याम्होरं!" त्या हसल्या. मग हसू गेलं. "भनीकडं आठ दिस ऱ्हायले. परत आले, दारात पिशवी ठिवली. त्यांनी पेपरातनं मान वर केली आणि म्हणाले, 'गॅस संपलाय.'"

मी पेन खाली ठेवलं.

"एवढंच. आली का, कशी हाईस, काय न्हाई. गॅस संपलाय. तीच पिशवी उचलली आणि तासगावला गेले. मुलींच्या वसतिगृहात चपात्या लाटते. खोली दिलीया त्यांनी. तिथं पोरी बोलत्यात माझ्यासंगं."

"मग आता काय व्हावं असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. मला राहवत नव्हतं, पण मी बोटं एकमेकांत अडकवून बसले.

"सात म्हैन्यांत माणूस आलं न्हाई. कोर्टाचं पाकीट आलं. एसटीचा माणूस, कागदाबिगर गाडी हालत न्हाई त्यांची." मग आवाज खाली आला. "एकदा यावं आणि 'चल' म्हणावं. एवढा एकच शब्द. मी चपला शोधत बसणार न्हाई, हाय तशी निघंन."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं! हे तर आत्ता, या खुर्चीत मिटतंय, असं मला वाटलं.

"यातलं पलीकडे काय सांगू?" मी विचारलं.

"काय बी सांगा. हे 'चल'चं तेवढं सांगू नका."

"का हो? त्यांना कळलं तर ते म्हणतीलही."

"म्हणतील की! सांगितलेलं काम करायचा माणूस हाय त्यो. कंट्रोलरनं सांगितलं की गाडी काढायची." त्यांनी माझा हात धरला. "बाई, कुणी सांगून म्हणायला लावलेलं 'चल' मला नको. त्यांच्या मनानं आलं तर यावं, न्हाईतर न्हाई. तुमच्या पोटात ऱ्हाऊ द्या."

मी शब्द दिला.

मग भानुदास आत आले. आधी त्यांनी दावा पुन्हा म्हणून दाखवला. मी ऐकून घेतला. "तासगावला कधी जाणं झालं का?" एवढंच विचारलं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं.

"दोन येळा," ते म्हणाले. "वसतिगृहाच्या फाटकापोतर गेलो. वॉचमन म्हणाला, कुणाकडं? मला सांगताच येईना. बायकोकडं म्हणावं, तर त्यो म्हणणार, मग घरी का न्हाई ती? परत फिरलो. दुसऱ्यांदा गेलो तर त्योच वॉचमन. तिथनं वकिलाकडं गेलो. वकील म्हणाला, असा दावा असतोय. म्हटलं बरं झालं, कोर्ट बोलावंल. कोर्टानं बोलावलं तर यावंच लागतंय की."

"घरी एकटे काय करता?"

"गाडी नसली की मला हातांचं काय करावं कळत न्हाई, बाई." ते आपल्या हातांकडे बघत होते. "सकाळी दोन कप च्या करतो. सवय. मग दुसरा बी मीच पितो. ती असताना मी काय बोलत हुतो असं न्हाई. पर ती हाय हे माहीत असायचं."

"हे त्यांना सांगू का?"

"नको, नको!" ते दचकलेच. "दोनदा फाटकावरनं परत आलो म्हणलं तर हसंल ती मला. हे इथंच ऱ्हाऊ द्या."

झालं. दोघंही एकाच ठिकाणी येऊन उभे होते, मध्ये मी होते, आणि दोघांनीही माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या बैठकीत मी आडून आडून खूप प्रयत्न केले. घराबद्दल विचारलं, मुलीबद्दल विचारलं, सवयींबद्दल विचारलं. दोघं उत्तरं देत होते, पण मला, एकमेकांना नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी इनामदार सरांना गाठलं. दोघांचंही ते सरांनी कोपऱ्यातून ऐकलंच होतं.

"सर, दोघांना तेच हवंय. मी नुसतं एक वाक्य बोलले तर..."

"तर तुझं वाक्य होईल. उद्या त्यांना समोरासमोर बसव, एक साधा प्रश्न विचार आणि गप्प बस."

"किती वेळ?"

"तुला असह्य होईल तोपर्यंत. आणि त्याच्यानंतर थोडा वेळ."

शेवटच्या दिवशी दोघं आले तर मधली खुर्ची भानुदासांनी रिकामी ठेवली नाही. ते त्याच खुर्चीवर बसले. अनुसयाबाईंनी पदर सावरला, पण सरकल्या नाहीत. त्यांच्या केसांना तेल होतं, अंगावर बऱ्यातली साडी होती. मी हे सगळं टिपलं. वकिलाची नजर, सुटत नाही काही.

मी म्हणाले, "भानुदासराव, इतके दिवस तुम्ही दोघं माझ्याशी बोललात. आज अनुसयाबाईंशी तुम्हाला स्वतःला काही बोलायचं असेल तर बोला."

आणि गप्प बसले.

बाहेर कुठल्याशा खटल्याचा पुकारा झाला. पंखा करकरत होता. भानुदासांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, स्टिअरिंगवर असतात तसे. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. अनुसयाबाई टेबलाकडे बघत होत्या, पण त्यांचा श्वास थांबला होता, मला दिसत होतं ते. भानुदासांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

किती वेळ गेला असेल? मी तेव्हा पैजेवर सांगितलं असतं की पाच मिनिटं. एक मिनिटही झालं नसेल. कोर्टात साक्षीदार असा अडला की मी काय करायचे? एकोणीस वर्षं जे करत आले तेच.

"भानुदासराव, त्यांनी घरी यावं असं तुम्हाला वाटतं ना?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मग म्हणा ना तसं! नुसतं 'चल' म्हणालात तरी पुरे आहे."

कोपऱ्यात सरांनी डोळे उघडले.

"हां," भानुदास म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चल. चल की घरी."

अनुसयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला चाललं असतं. वसतिगृहात खोली मिळालेल्या बाईनं पुन्हा पिशवी भरायला घ्यावी, तशी थकलेली नजर होती ती.

"मला वेगळंच ऱ्हायाचंय," त्या म्हणाल्या. "कागद करा, बाई."

मी त्यांना एकटीला भेटायची विनंती केली. त्या नको म्हणाल्या. मी दहा मिनिटं थांबू या म्हटलं. त्या म्हणाल्या, "कशाला?" आमच्याकडे कुणालाही धरून ठेवता येत नाही, हाही नियमच.

तेव्हा मी कागद केला. भानुदासांनी दावा मागे घ्यावा. अनुसयाबाईंनी तासगावला राहावं, भानुदासांनी घरी. कुणी कुणाला त्रास देऊ नये. मुलीच्या घरच्या कार्याला दोघांनी यावं. मी एकेक कलम वाचत गेले आणि भानुदास प्रत्येकाला "बरं" म्हणत गेले. वकील आले, सह्या झाल्या. अनुसयाबाई आधी बाहेर पडल्या. जाताना मला नमस्कार केला त्यांनी. तो नमस्कार मला अजून टोचतो.

कोर्टात पाठवायच्या अहवालात दोनच पर्याय असतात. झालं की नाही झालं. बाकी काही लिहायचं नसतं. मी लिहिलं, 'मध्यस्थी यशस्वी'. माझी दहा पुरी झाली.

सर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. त्यांनी मला झापायला हवं होतं.

भानुदास मात्र खुर्चीत बसूनच होते.

"बाई, माझं काय चुकलं?" त्यांनी विचारलं. "मी म्हणालो की. तुम्ही सांगितलं तसंच म्हणालो."

मला उत्तर ठाऊक होतं. ते अनुसयाबाईंचं होतं आणि त्यांनी ते सांगू नका म्हणून माझा हात धरला होता. एकदा तर मी ते फोडून बसलेच होते. भानुदासांना तेही कळलं नव्हतं.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"तुम्ही बोलला नसता तरी मी त्येच म्हणणार हुतो, बगा." ते उठत म्हणाले. "एसटीत बसल्यापास्नं घोकत आलो हुतो. तोंडात आलंच हुतं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात."

मी खुर्ची मागे ढकलून उठले.

"भानुदासराव, हे मी त्यांना सांगू का? हे एवढं तरी सांगू द्या मला!"

त्यांनी विचार केला. पिशवी काखेला लावली.

"नको. तुम्ही कशाला? माझं मीच सांगतो. असंल अजून खाली."

आणि तो माणूस, जो दोनदा फाटकावरून परत आला होता, जिना उतरायला लागला. एकेका पायरीवर दोन्ही पाय न टेकता, भराभर.

मी खोलीत थांबायला हवं होतं. आमचं काम तिथे संपलेलं होतं. पण मी खिडकीशी गेले. खाली आवाराच्या फाटकापाशी अनुसयाबाई रिक्षात बसत होत्या. भानुदास आवार ओलांडून त्यांच्याकडे निघाले होते, जवळजवळ पळतच. त्यांना येताना पाहून अनुसयाबाईंनी रिक्षावाल्याला हातानं थांबवलं. पाय पुन्हा बाहेर काढला, जमिनीवर टेकवला. मी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. भानुदास दहा पावलांवर आले होते. आठ.

तेवढ्यात अनुसयाबाईंची मान वर झाली आणि खिडकीत मी दिसले, आपण सांगितलेली गाडी सुटली का ते बघणाऱ्या कंट्रोलरसारखी.

मी मागे सरले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यांनी पाय आत घेतला, रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं आणि रिक्षा निघून गेली. भानुदास तिथेच उभे राहिले, हात अर्धवट उचललेला. त्यांनी वर पाहिलंच नव्हतं. रिक्षा थांबली होती ती एकाएकी का निघून गेली, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं, आणि खिडकीतल्या ज्या बाईला ते माहीत होतं तिला ते कुणालाही सांगता येत नव्हतं.